वऱ्हाडचा सावकार-सुभेदार : शेठ पेस्तनजी मेहेरजी यांची कारकीर्द

यवतमाळ जिल्ह्यातील महसुली गावांची यादी चाळली असता काही गावांच्या नावांपुढे 'इजारा' हा शब्द जोडलेला आढळतो. तलाठी दप्तरात तो रोज लिहिला जातो, शाळेच्या हजेरीपत्रकात मुलांच्या पत्त्यात येतो. परंतु त्याचा मूळ अर्थ आज क्वचितच कोणाच्या ध्यानी असतो. इजारा म्हणजे ठरीव रकमेच्या मोबदल्यात सरकारी उत्पन्नाची वसुली करण्याचा किंवा जमीन वहिवाटण्याचा मक्ता. एके काळी संपूर्ण वऱ्हाड प्रांताचे उत्पन्न अशा मक्त्याने चालत होते, आणि १८३९ ते १८४५ या काळात त्यातील मोठा हिस्सा मुंबईच्या एका पारशी पेढीच्या हाती होता. त्या पेढीचे चालक शेठ पेस्तनजी मेहेरजी आणि त्यांचे वडील बंधू शेठ विकाजी मेहेरजी हे होत. व्यापारी म्हणून वऱ्हाडात आलेला मनुष्य राज्याचा सावकार कसा झाला, सावकाराचा महसूल अधिकारी कसा झाला आणि अखेरीस त्याच राज्याचा बुडीत धनको कसा ठरला, याची ही हकीकत आहे.

तारापूर ते खामगाव

मेहेरजी बंधूंचे मूळ गाव कोकणपट्टीतील तारापूर. हे बंदर पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते व आता पालघर जिल्ह्यात मोडते. १८१८ साली पेशवाईचा शेवट होऊन कोकण कंपनी सरकारच्या अंमलाखाली आले, तेव्हा जकातीची वसुली मक्त्याने देण्याची जुनी पद्धत काही काळ तशीच पुढे चालली. कोकणातील अशा जकातीच्या मक्त्यांवर या घराण्याची भरभराट झाली. सरकारला ठरीव रक्कम द्यावयाची, वसुलीसाठी नाक्यानाक्यावर आपली माणसे ठेवावयाची, आणि खर्च वजा जाता जे उरेल तो आपला नफा, हे गणित त्यांनी समुद्रकाठी पक्के केले. पुढे वऱ्हाडात त्यांनी जे केले त्याचे बीज येथे आहे.

वऱ्हाडात मात्र त्यांचे पहिले पाऊल कापसाच्या निमित्ताने पडले. त्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस लमाण-बंजाऱ्यांच्या बैलतांड्यांवर लादून उत्तरेस गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. वाटेत अनेक संस्थानांचे जकातनाके, नद्या, पाऊस आणि धूळ या सर्वांतून तो माल पार पडे. मुंबई बंदर त्या मानाने जवळ असूनही पश्चिमेच्या वाटेने मोठा माल कोणी नेत नव्हते. १८२५-२६ साली विकाजी-पेस्तनजींच्या पेढीने ५०० बैलांवर कापूस लादून मुंबईकडे रवाना केला. त्याचे वजन १,२०,००० पौंड, म्हणजे दर बैलामागे २४० पौंड भरले. किंमत सुमारे २५,००० रुपये होती. वऱ्हाडातून मुंबईस झालेली कापसाची पहिली लक्षणीय निर्यात म्हणून या खेपेची नोंद आहे.

पेढीने पुढे शेतकऱ्यांना कापसाच्या पिकावर आगाऊ रकमा देण्यास आरंभ केला आणि खामगाव व इतर ठिकाणी रुईच्या गाठी बांधण्यासाठी मळसूत्री दाब बसविले. सैल भरलेल्या बोऱ्यांपेक्षा दाबलेली गाठ कमी जागा व्यापते, कमी भिजते आणि जहाजावर स्वस्तात जाते. रेल्वे येण्यास त्या वेळी चाळीस वर्षांचा अवकाश होता. नागपूरपर्यंत लोहमार्ग पोचला तो १८६७ साली, आणि खामगावची शाखा सुरू झाली ती १८७० साली. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून 'उमरा' म्हणून जो कापूस ओळखला जाऊ लागला, त्याच्या मुंबईमार्गे होणाऱ्या व्यापाराची पहिली वाट या बैलतांड्यांनी पाडली, असे म्हणण्यास हरकत नाही.

हैदराबादचा रिकामा खजिना

त्या काळी वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते. १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरील हक्क गेला, आणि १८२२ च्या तहाने वर्धा ही सरहद्द पक्की झाली. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा भाग असा निजामी अमलाखाली आला. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त 'योत-लोहारा' म्हणून ज्या परगण्याचा उल्लेख येतो, तेच यवतमाळ. आणि मोगल काळात सरकारचे ठाणे असलेले कळंब आजही याच जिल्ह्यात आहे. म्हणजे या मुलखाचा महसुली हिशोब पुरातन होता. हिशोब न दिल्याचे परिणामही या भूमीने पूर्वी पाहिले होते. भाम येथे ठाणे करून राहिलेले सेनासाहेबसुभा कान्होजी भोसले यांनी साताऱ्यास वसुलीचा हिशोब व भरणा देण्यात कसूर केली, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी त्यांचेच पुतणे रघूजी भोसले यांस त्यांच्यावर पाठविले. वणीजवळील मंदर येथे कान्होजी कैद झाले व त्यांचा शेवट साताऱ्यास बंदिवासात झाला. नागपूरकर भोसल्यांचे राज्य उभे राहण्यामागे हिशोबाचा हा तंटा होता, ही गोष्ट शालेय पुस्तकांत सहसा येत नाही.

एकोणिसाव्या शतकात हैदराबादच्या खजिन्याची अवस्था याहून बिकट होती. राजा चंदूलाल हे १८०६ पासून पेशकार आणि पुढे दिवाण म्हणून राज्यकारभार पाहत होते. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या, परंतु निजामाच्या पैशावर पोसल्या जाणाऱ्या 'हैदराबाद कंटिंजंट' या फौजेचा खर्च वर्षाला ४० लाख रुपयांच्या आसपास होता. ही फौज निजामाने मागितलेली नव्हती आणि तिला रजा देण्याची मुभाही त्यास नव्हती. तिचा पगार मात्र वेळेवर पोचलाच पाहिजे, याविषयी रेसिडेंटचा आग्रह कडक असे. राज्याचे उत्पन्न हंगामावर येई आणि पगार मात्र दरमहा द्यावा लागे. ही तफावत सावकारांच्या कर्जाने भरून काढली जाऊ लागली.

या कामी पेस्तनजींच्या आधी विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी पुढे आली होती. १८१४ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या या पेढीचे व्याज दरसाल दरशेकडा २४-२५ पर्यंत जाई. ब्रिटिश प्रजाजनांनी देशी राजांना परवानगीवाचून कर्ज देऊ नये असा पार्लमेंटचा कायदा असताना गव्हर्नर जनरलकडून तिला मुभा मिळाली. रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ यांनी हे प्रकरण उजेडात आणले. शेवटी उत्तर सरकार प्रांताबद्दल इंग्रजांकडून निजामास दरसाल मिळणारी ७ लाखांची पेशकश कायमची सोडून देऊन त्या बदल्यात आलेल्या १,१६,६६,६६६ रुपयांतून पामर कंपनीचे देणे फेडण्यात आले. एका पेढीचे कर्ज वारण्यासाठी राज्याने आपले कायमचे उत्पन्न विकले. पामर कंपनी बुडाली. राज्याची गरज तशीच राहिली.

इजाऱ्याचे गणित

परगणा इजाऱ्याने देणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या परगण्याचा वाजवी आकार १ लाख रुपये आहे. दिवाणास आज पैसा हवा आहे, पीक यावयास आठ महिने आहेत. सावकार आज ८० हजार देतो आणि परगणा आपल्या नावे लिहून घेतो. वर्षअखेर त्यास मुद्दल ८० हजार आणि शेकडा २४ प्रमाणे १९,२०० रुपये व्याज निघाले पाहिजे. एवढ्यातच जवळजवळ सारा आकार संपला. वसुलीची माणसे, शिपाई, घोडी, नजराणे आणि स्वतःचा नफा यांसाठी आता काय उरले? उरले ते रयतेकडून आकाराबाहेर काढावयाचे. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. पण गणिताची रीत अशीच होती.

त्यात आणखी एक मेख होती. इजारदाराला पुढच्या वर्षाची शाश्वती नसे. अधिक नजराणा देणारा दुसरा कोणी निघाला की सनद फिरे. कधी जुना इजारदार ताबा सोडीत नसे आणि नवा हत्यारबंद माणसे घेऊन परगण्यात उतरे; मग दोघेही एकाच गावाकडून वसूल मागत. अशा स्थितीत विहीर खोदण्यास तगाई कोण देणार, पडीत जमीन लागवडीस आणण्यासाठी सूट कोण देणार? ज्याचा मुक्काम एका हंगामाचा, त्याची नजर एका पिकावर. देशमुख-देशपांडे, पाटील-कुळकर्णी हे वतनदार गावोगाव होते, परंतु त्यांच्या डोक्यावरचा वरिष्ठच दरसाल बदलत असल्याने त्यांच्या दप्तराचा रयतेस आधार उरला नव्हता. कसदार काळी जमीन असलेले परगणे या मागणीखाली ओस पडत गेले.

वऱ्हाडचा बराचसा भाग प्रथम हैदराबादचे मोठे सावकार पुरणमल यांच्या इजाऱ्यात होता. १८३९ साली रेसिडेंटच्या दडपणावरून त्यांना दूर करण्यात आले आणि पेस्तनजींच्या पेढीस जागा करून देण्यात आली. त्या वेळी रेसिडेंटच्या पदावर जनरल फ्रेझर होते. इंग्रजांना कापसाची निर्यात हवी होती आणि कंटिंजंटचा पगार वेळेवर हवा होता. पेस्तनजींकडून या दोन्ही गोष्टी होण्यासारख्या होत्या.

सावकारीतून सरकारी अधिकारात

हैदराबादेत पेढी उघडल्यानंतर या बंधूंनी चंदूलालांच्या कारभारास मोठमोठ्या रकमा पुरविल्या. औरंगाबादच्या टांकसाळीचे कामही पेस्तनजींकडे होते. तेथून निघालेल्या रुपयास लोक 'पेस्तनशाही' म्हणत. राजाच्या नावाने नव्हे तर सावकाराच्या नावाने नाणे ओळखले जावे, यावरून त्या माणसाच्या अधिकाराची कल्पना येते. त्या काळी बाजारात नागपुरी, औरंगाबादी, हैदराबादी असे अनेक रुपये चालत आणि १८३५ पासून कंपनीचा एकछाप रुपयाही त्यांत मिसळला. प्रत्येक रुपयाची चांदी वेगळी, म्हणून प्रत्येकावर वेगळा बट्टा. सारा कोणत्या रुपयात घ्यावयाचा आणि त्यावर किती बट्टा कापावयाचा हे ठरविणारा मनुष्यच जर नाणे पाडणारा, कर्ज देणारा, वसूल करणारा आणि कापूस विकत घेणारा असेल, तर रयतेने नाणे पारखून घ्यावे कोणाकडून? मराठी राज्यात पोतदार नाणे पारखी आणि पोतनीस खजिन्याचा हिशोब ठेवी. पैसा पारखणारा हात आणि हिशोब लिहिणारा हात वेगळे असावेत, ही दक्षता त्या जुन्या रचनेत होती. वऱ्हाडात ती या काळी राहिली नाही.

१८४१ साली चंदूलालांनी कर्जफेडीपोटी वऱ्हाडातील मोठे महसुली मुलूख पेस्तनजींना तनखा म्हणून तोडून दिले. तनखा आणि इजारा यांत भेद आहे. इजाऱ्यात वसूल करणाऱ्याने सरकारात भरणा करावयाचा असतो. तनख्यात तो वसूल त्याच्या येण्यापोटी त्याच्याकडेच राहतो. म्हणजे हैदराबादच्या खजिन्याशी त्या परगण्यांचा पैशाचा संबंध तेवढ्यापुरता तुटला. पेढीचे गुमास्ते परगण्यांचे अधिकारी झाले. साऱ्याची वसुली आणि त्यासाठी लागणारा शिबंदीचा बंदोबस्त त्यांच्या हाती आला. मुंबईच्या पेढीची वही हीच त्या मुलखाची सरकारी वही झाली.

पेस्तनजींच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. इतर इजारदार हंगामाच्या नफ्यावर नजर ठेवीत. या पेढीचे भांडवल मात्र कापसात, दाबांत आणि शेतकऱ्यांना दिलेल्या आगाऊ रकमांत गुंतलेले होते. शेतकरी उठून गेला तर पेढीचाही कापूस जाई. त्यामुळे रयत टिकविण्यात तिचा स्वतःचा स्वार्थ होता. परंतु आगाऊ रक्कम देणाऱ्याच्याच हाती सारा वसुलीचा अधिकार आला की शेतकऱ्याचा सौदा मोकळा राहत नाही, हेही तितकेच खरे. पेढीच्या अंगी उद्योग होता, दूरदृष्टीही होती. दोष होता तो अधिकाराच्या रचनेत. आणि त्या रचनेने पुढे पेढीचाच घास घेतला.

१८४३ आणि नंतर

सप्टेंबर १८४३ मध्ये राजा चंदूलाल यांनी राजीनामा दिला. राज्य दिवाळखोरीच्या काठावर होते. नव्या कारभाऱ्यांस पैशाची तशीच निकड होती आणि डोळ्यांसमोर वऱ्हाडचा मुलूख दिसत होता. जुन्या दिवाणाने लिहून दिलेली सनद त्यांना अडचणीची वाटू लागली. मुलूख परत घेण्यासाठी सरकारी माणसे गेली तेव्हा पेस्तनजींच्या लोकांनी ताबा सोडण्यास नकार देऊन प्रतिकार केला. अखेर १८४५ साली त्यांना वऱ्हाडचे परगणे सोडणे भाग पडले. पेढीच्या हिशोबाप्रमाणे निजाम सरकारकडे त्यांचे सुमारे ४० लाख रुपये येणे होते.

ज्या पैशाचा एक भाग कंटिंजंटच्या पगारासाठी गेला, ज्या व्यवहारास रेसिडेंटचे प्रोत्साहन होते, त्या पैशाची जबाबदारी इंग्रज सरकारने थोडी तरी उचलावी अशी पेढीची मागणी होती. कंपनी सरकारने ती मान्य केली नाही. कर्ज निजामाचे, सनद निजामाच्या दिवाणाची. तेव्हा दाद निजामाकडेच मागावी, असे उत्तर होते. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर कदाचित निर्दोष असेल. पण पुरणमलास हटविताना ज्या दडपणाचा उपयोग झाला, ते पेस्तनजींचे येणे बुडताना कोठे गेले, हा प्रश्न त्या उत्तराने मिटत नाही. या दोन बंधूंच्या नावाने सिकंदराबादेत १८४७ साली अग्यारी उभी राहिली, ती आजही आहे. वऱ्हाडातील त्यांचे दाब आणि वखारी मात्र दुसऱ्यांच्या व्यापारात विरून गेल्या.

पेस्तनजींना बाजूला सारूनही खजिना भरला नाही. कंटिंजंटच्या पगाराची बाकी फुगत गेली आणि कंपनी सरकारने आपल्या खजिन्यातून दिलेल्या रकमांचे निजामाकडील देणे ४५ लाखांच्या घरात गेले. २१ मे १८५३ च्या तहाने निजाम नासिरुद्दौला यांना वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे सुमारे ५० लाख उत्पन्नाचे प्रांत फौजेच्या खर्चासाठी कंपनीच्या हवाली करावे लागले. म्हणजे १८४१ साली एका शेठजीस दिलेला तनखा परत घेणाऱ्या राज्याला बारा वर्षांत तोच मुलूख, त्याच कारणासाठी, अधिक बलवान धनकोस द्यावा लागला. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर परत मिळाले आणि ५० लाखांचे देणे माफ झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. १९०२ साली तर ते दरसाल २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने लिहून घेण्यात आले. हाही एक इजाराच होता; फक्त इजारदार बदलला होता.

हैदराबादेत १८५३ साली दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंग यांनी या अनुभवातून धडा घेतला. वसुली इजाऱ्याने देणे त्यांनी क्रमाने बंद केले, पगारी अधिकारी नेमले, १८६५ च्या जिल्हाबंदीने राज्याचे जिल्हे पाडले आणि ठिकठिकाणच्या टांकसाळींचे काम राजधानीत आणले. वऱ्हाडात इंग्रजी अमलाखाली १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व जमाबंदीस सुरुवात झाली. शेताला सर्व्हे नंबर, नंबराला ठरीव आकार, आणि तो आकार तीस वर्षांसाठी कायम, या व्यवस्थेत खातेदाराचे नाव प्रथमच सरकारी वहीत स्वतंत्रपणे चढले. १८६४ साली स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. त्याचे मुख्य ठाणे यवतमाळ येथे होते, नाव मात्र 'वणी' म्हणजे इंग्रजी लेखनातील 'वून' असे पडले. १९०५ च्या फेररचनेत पुसद तालुका या जिल्ह्यास जोडला गेला आणि जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले.

इजारा हा शब्द मात्र येथेच पुन्हा उगवला. जिल्ह्याचा मोठा भाग जंगल व पडीत होता. १८६५ च्या पडीत जमिनींच्या नियमांखाली ओसाड गावे लागवडीस आणण्यासाठी दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देण्यात आली; त्यांनाच इजारा गावे म्हणतात. जुन्या इजाऱ्याशी त्यांचे नाते नावापुरतेच. येथे मुदत मोठी होती, त्यामुळे वसाहत करण्यात, झाडे तोडून वावर काढण्यात इजारदारास लाभ होता आणि गावे वसलीही. परंतु त्या गावांत कुळे ही सरकारची खातेदार नसून इजारदाराची कुळे होती. मध्य प्रदेश राज्याच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानुसार १९५१ साली वऱ्हाडातील जहागिरी, पळमपाट व इजारा गावांतील मध्यस्थांचे हक्क संपुष्टात आले. त्या दिवसापासून तेथील साराही इतर गावांप्रमाणे सरळ सरकारी चलनाने तहसिलीच्या खजिन्यात जमा होऊ लागला. गावांच्या नावांतील 'इजारा' हा शब्द तेवढा दप्तरात राहून गेला आहे.